दोन लाकडे आणि एक काच

धर्मग्रामातील घरभेटींच्या दिवसांत आम्हांस एक गोष्ट हटकून दिसते. घर जुने असो वा नवे, पाहुण्याला बसवून घेतल्यावर यजमानीण त्याच्यापुढे एक बुटके मेज सरकवते आणि त्यावर चहाची कपबशी ठेवते. या मेजाला आपल्याकडे लहानथोर सारेच ‘टीपॉय’ म्हणतात. इंग्रजीत चहाला ‘टी’ म्हणतात, तेव्हा चहा ठेवायचा तो टीपॉय, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः या शब्दाचा चहाशी मुळात काही संबंध नाही. तीन पायांच्या मेजाला हिंदीत ‘तिपाई’ म्हणतात. तो शब्द हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी उचलला, आपल्या उच्चाराच्या साच्यात घातला आणि चहाच्या नादाने त्याची अक्षरेही बदलली. मग तोच शब्द परकी वेष करून आपल्या घरी परत आला. त्याचे मराठी भावंड, तिवई, तोवर स्वयंपाकघरात गपचूप उभेच होते. हल्लीच्या टीपॉयला बहुधा चार पाय असतात; नाव मात्र तिघांचेच राहिले आहे.

हा शब्दविचार येथे उगाच केलेला नाही. तीन पायांचे मेज कोणीही करू शकतो, त्यावर कोणाची मालकी कसली, असे एका नामांकित रचनाकाराने एका शिल्पकाराला सुनावले होते, आणि त्या वाक्याचे उत्तर म्हणून अमेरिकेत एक मेज तयार झाले. आज जगभरच्या संग्रहालयांत ते मांडलेले आहे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आहे, आणि त्याच्या नकला तर किती असतील याची गणतीच नाही. त्याचा कर्ता इसामू नोगुची. मेज इतके शांत आणि डौलदार आहे की ज्या दिवसांत त्याची कल्पना आकारास आली ते दिवस कर्त्याने कोठे काढले हे ते पाहून कोणाच्या मनातही येणार नाही.

प्रथम मेज कसे आहे ते सांगतो. त्याचे भाग चार. लाकडाचे दोन तुकडे, ते जोडणारी धातूची एक कांब, आणि वर जाड काच. काच सुमारे ५० इंच लांब, ३६ इंच रुंद व पाऊण इंच जाड. आकार त्रिकोणाचा, पण तिन्ही कोपरे पाण्याने झिजलेल्या गोट्यासारखे गोलावलेले. जमिनीपासून उंची जेमतेम १६ इंच. काच कोठेही स्क्रूने आवळलेली नाही, चिकटवलेली नाही. ती आपल्या वजनाने लाकडावर नुसती विसावते.

या मेजाचे चित्र आम्ही एकदा आमच्या एका वयोवृद्ध सुतार मित्राला दाखविले होते. नजर अधू झालेली, चित्र डोळ्यांजवळ नेऊन त्याने पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाला, “फादर, खालचं लाकूड नि वरचं लाकूड एकच आहे. एकाच फर्म्यावर कापलंय. नुसतं उलटं केलंय.” आम्ही ते चित्र कितीदा तरी पाहिले होते, तरी ही गोष्ट आम्हांस पुस्तकात वाचूनच कळली होती. खरोखरीच ते दोन तुकडे तंतोतंत सारखे आहेत. एक सुलटा ठेवला, दुसरा उलटा करून त्याच्याशी काटकोनाच्या अंगाने फिरवला आणि मध्ये कांब घातली, की तिपाई उभी राहते. दोहोंपैकी एकही तुकडा एकटा उभा राहू शकत नाही. तिसरा तुकडा लागत नाही. तीन टेकूंची वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, हे दूध काढायच्या तिवईवर बसलेल्या कोणाही बाईला ठाऊक असते: तीन बिंदू नेहमी एकाच पातळीत बसतात, चौथा आला की भांडण सुरू होते.

आता कर्त्याविषयी. इसामूचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. आई लिओनी गिलमोर अमेरिकन, लेखन-संपादन करणारी सुशिक्षित स्त्री. वडील योने नोगुची हे जपानी कवी. इंग्रजीत कविता लिहून त्यांनी नाव मिळविले होते. मूल जन्मण्याआधीच ते जपानला निघून गेले. १९०७ मध्ये आई मुलाला घेऊन जपानला गेली, तेव्हा कवींनी तेथे दुसरा संसार मांडलेला होता. पुढची गोष्ट सांगायला नको. मुलगा आईजवळ वाढला. जपानी मुलांत तो परका दिसे.

लिओनीने समुद्रकाठच्या चिगासाकी गावी एक लहानसे घर बांधावयास काढले. त्या बांधकामावर तिने आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला सुतारांच्या हाताखाली लावले. जपानी सुताराची करवत ढकलून नव्हे तर ओढून चालवतात. रंधाही स्वतःकडे ओढतात. आणि खिळ्यावाचून लाकडात लाकूड बसविण्याची त्यांची विद्या शेकडो वर्षांची. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत अशी बसते की सुटायचे नाव नको. हे पोरवयातले हातांचे शिक्षण पुढे तीस वर्षांनी वर आले, असे आम्हांस वाटते. शालेय शिक्षणासाठी तो योकोहामाच्या सेंट जोसेफ कॉलेजात जाई. मेरियनिस्ट बंधूंनी १९०१ मध्ये स्थापन केलेली ही कॅथलिक शाळा परदेशी मुलांसाठी होती. सुताराच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाची शाळा संत योसेफाच्या नावाची असावी, हा योग आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही. मात्र त्यातून अधिक काही काढण्याचा मोह आम्ही आवरतो. नोगुची धर्माने कॅथलिक नव्हते.

१९१८ मध्ये तेरा वर्षांच्या इसामूला आईने एकट्याने बोटीत बसवून अमेरिकेला धाडले. इंडियाना राज्यातील ज्या शाळेसाठी तो गेला ती लवकरच बंद पडली आणि तिच्या जागी लष्करी छावणी आली. शाळेच्या संस्थापकाने त्याला एका पाळकाच्या कुटुंबात ठेवले, आणि ‘सॅम गिलमोर’ या नावाने तो १९२२ मध्ये हायस्कूल उत्तीर्ण झाला. पुढे रशमोर पर्वतावर राष्ट्राध्यक्षांची मुखे कोरणारे गुट्झन बोर्ग्लम यांच्याकडे त्याने काही दिवस उमेदवारी केली. तू कधीही शिल्पकार होणार नाहीस, असा त्यांनी निकाल दिला. मुलगा वैद्यकाच्या अभ्यासाला लागला. १९२४ मध्ये आईच्या आग्रहावरून न्यूयॉर्कच्या एका कलाशाळेच्या रात्रवर्गात गेला आणि तेथे त्याचा हात पाहून शिक्षक चकित झाले. त्याच सुमारास त्याने वडिलांचे आडनाव घेतले. १९२७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. अर्जात त्याने लिहिले होते की प्रथम पॅरिस, मग हिंदुस्थान आणि पूर्वेकडील देश. पॅरिसला ब्रांकुशींच्या शिल्पशाळेत काही महिने काम केले. गुरूला इंग्रजी येत नसे, शिष्याला फ्रेंच जेमतेम. शिक्षण डोळ्यांनी आणि हातांनी झाले. हिंदुस्थान मात्र त्या वेळी राहूनच गेला. पुढे पूर्वेकडे निघाल्यावर वडिलांचे पत्र आले: जपानात नोगुची या नावाने येऊ नकोस. तरी तो १९३१ मध्ये गेला. भेट झाली, ती कोरडीच झाली.

या योने नोगुचींचा आपल्या देशाशीही संबंध आला. १९३५-३६ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन व्याख्याने देऊन गेले. रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता. १९३८ मध्ये, जपानने चीनवर चालविलेल्या युद्धाचे समर्थन करणारे पत्र त्यांनी रवींद्रनाथांना लिहिले, आणि रवींद्रनाथांनी त्यांना जे उत्तर दिले ते त्या काळी प्रसिद्ध होऊन गाजले. मित्राला इतक्या दुःखाने आणि इतक्या स्पष्टपणे नकार दिलेला क्वचितच पाहावयास मिळतो. बाप साम्राज्याच्या बाजूस उभा राहिला. मुलगा काय करणार होता ते लवकरच दिसायचे होते.

१९३९ हे साल आपल्या मेजाच्या कथेत महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अध्यक्ष ए. कॉन्गर गुडइयर यांच्या लाँग आयलंडवरील नव्या घरासाठी नोगुचींनी एक मेज केले. खाली रोजवुडचे, म्हणजे आपल्या शिसवीच्या जातकुळीच्या लाकडाचे, वळणदार कोरीव पाय, वर काच. ते एकच केले होते. खऱ्या अर्थाने ते शिल्पच. त्याच सुमारास हवाई बेटांत त्यांना टी. एच. रॉब्सजॉन-गिबिंग्ज हे मूळचे इंग्लंडचे, अमेरिकेत नावारूपाला आलेले रचनाकार भेटले. त्यांनी नोगुचींकडे एका मेजाचा नमुना मागितला. नोगुचींनी प्लास्टिकचा छोटासा नमुना करून दिला. पुढे काही निरोप आला नाही.

मग युद्ध आले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाचे लोक एका रात्रीत शत्रू ठरले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. त्याअन्वये सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे, शेते, दुकाने सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. कोणावरही खटला चालला नाही, कोणाला गुन्हा सांगितला गेला नाही.

नोगुची न्यूयॉर्कचे रहिवासी होते, आणि आदेश पश्चिम किनाऱ्यापुरता होता. त्यांना कोणी हात लावणार नव्हते. अमेरिकेत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीच्या जपान्यांना ‘निसेई’ म्हणतात. आपण त्यांतलेच एक आहोत ही जाणीव त्यांना त्या दिवसांत प्रथमच झाली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. निसेई लेखक-कलावंतांची एक संघटना उभारून त्यांनी लोकांची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला. तो फसला. मग त्यांनी जे केले ते आम्हांस या साऱ्या कथेतील सर्वांत विलक्षण कृत्य वाटते. मे १९४२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ते आपण होऊन ॲरिझोनाच्या वाळवंटातील पोस्टन छावणीत राहावयास गेले. त्यांना तेथे नेणारे जॉन कॉलियर हे मूळ अमेरिकन जमातींच्या सरकारी खात्याचे प्रमुख होते. नवी वस्ती वसते आहे तर ती माणसांनी राहण्याजोगी व्हावी, तेथे हस्तकला शिकविल्या जाव्यात, अशी दोघांची कल्पना होती.

पोस्टन ही छावणी कोलोरॅडो नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या राखीव भूमीवर उभारली होती. त्या जमातींच्या पंचायतीने विरोध केला होता: आमच्यावर जे झाले ते दुसऱ्यांवर करण्यात आम्हांस भागीदार करू नका. लष्कराने तो मानला नाही. विस्थापितांच्या भूमीवर नवे विस्थापित आणून वसविले. भरतीच्या काळी तेथे सुमारे १८,००० माणसे होती. लोकसंख्येने ते ॲरिझोनातील तिसरे शहर ठरले. लाकडी बराकी, त्यांवर डांबरी कागद, फटींतून येणारी धूळ, आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुष्कळ वर जाणारा पारा. तेथल्या तीन विभागांना रहिवाशांनी ‘रोस्टन, टोस्टन, डस्टन’ अशी नावे पाडली होती: भाजणारे, शेकणारे आणि धुळीचे. कुटुंबाला एक खोली आणि झोपावयास खाटा. बाकी टेबल, बाक, फळ्या ज्याने त्याने बांधकामातून उरलेल्या लाकडांतून स्वतः ठोकून घेतल्या.

नोगुचींनी या धुळीत बसून आराखडे काढले: बागा, खेळाची मैदाने, पोहण्याचे तलाव, एक दफनभूमीही. यांतले काही झाले नाही. मागविलेले साहित्य येईना. अधिकाऱ्यांना छावणी शोभिवंत करण्यात स्वारस्य नव्हते. आतल्या लोकांना, बहुतेक कॅलिफोर्नियाचे शेतकरी, हा न्यूयॉर्कचा माणूस स्वखुशीने का आला हे कळेना, आणि कोणी त्याच्याकडे सरकारी हेर म्हणून संशयाने पाही. तो काळ त्यांनी सुतारकामात आणि शिल्पात घालविला. हॉलिवुडच्या जिंजर रॉजर्स या नटीचे मस्तक संगमरवरात घडवावयाचे काम त्यांनी आधी घेतले होते; दगड ते बरोबर घेऊन गेले आणि छावणीतच ते पुरे केले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात आहे. रीडर्स डायजेस्टसाठी त्यांनी निसेई होण्याविषयी एक लेखही लिहिला. तो त्या मासिकात आला नाही.

काही आठवड्यांतच त्यांना परत जावेसे वाटू लागले आणि तेव्हा एक गोष्ट उमगली. आत येताना ते स्वयंसेवक होते. बाहेर पडावयाचे म्हटल्यावर ते इतरांसारखेच बंदी होते. अर्ज, चौकशा, प्रतीक्षा. अखेर नोव्हेंबर १९४२ मध्ये तात्पुरती रजा मिळाली. त्या रजेवरून ते परतले नाहीत.

छावणीत असतानाच त्यांच्या पाहण्यात एक जाहिरात आली. तिच्यात एका मेजाचे चित्र होते. हवाईत करून दिलेल्या आपल्या नमुन्याचेच ते थोडे बदललेले रूप आहे हे त्यांनी तत्काळ ओळखले. जाहिरात रॉब्सजॉन-गिबिंग्ज यांच्या मेजाची होती. पुढे नोगुचींनी जाब विचारला तेव्हा जे उत्तर मिळाले त्याचा आशय आम्ही आरंभी दिलाच आहे: तीन पायांचे मेज कोणीही करू शकतो.

येथे थोडे थांबले पाहिजे. ही हकीगत नोगुचींनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे, म्हणजे ती फिर्यादीची जबानी आहे. आम्ही तीस वर्षे बांधावरचे आणि वाटणीचे तंटे ऐकत आलो आहोत, आणि एका पक्षाचे ऐकून उठण्याची सवय आम्हांस नाही. शिवाय गिबिंग्ज यांचे उत्तर नुसते उद्धट आहे असेही म्हणता येत नाही. त्यात अर्धे सत्य आहे. तीन पायांची कल्पना खरोखर कोणाच्याच बापाची नाही. आमची तिवई कोणा नामांकित कलावंताने रचलेली नाही. परंतु अर्धे सत्य सांगून पुरे सत्य दडविता येते, हेही आम्ही अनेकदा पाहिले आहे. प्रश्न तीन पायांचा नव्हताच. विश्वासाने हातात दिलेल्या त्या लहानशा नमुन्याचा होता. आणि ज्याच्या हातून तो गेला तो माणूस त्या वेळी तारेच्या कुंपणाआड, जाब विचारावयास जाऊ न शकणारा.

नोगुची न्यायालयात गेले नाहीत. त्यांनी स्वतःच्याच मेजाची नवी आवृत्ती केली, आणि ती सुडाच्या भावनेने केली असे त्यांनीच लिहिले आहे. आमच्यासारख्याला हा शब्द वाचताना अडखळावयास होते. सुडाचे फळ गोड असते असे आम्ही प्रवचनात कधी सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. पण या सुडाचे स्वरूप पाहावे. गुडइयर यांच्या मेजातील सारे कोरीव काम त्यांनी काढून टाकले. महाग शिसवीची वळणे गेली. पायांची संख्या, जोडांची संख्या, कारागिराची मेहनत, सारे कमी करीत करीत ते अशा ठिकाणी आले की आणखी काही काढले तर मेज कोसळेल. तीन पायांचे मेज कोणीही करू शकतो ना? मग त्यांनी ते दोनच लाकडांत करून दाखविले, आणि तीही दोन्ही एकसारखी.

हे काम न्यूयॉर्कच्या मॅकडूगल ॲलीतील त्यांच्या कार्यशाळेत १९४४ च्या सुमारास झाले. याच काळात ते दगडाच्या सपाट फरश्या कापून, एकमेकींच्या खाचांत अडकवून उभी शिल्पे रचीत होते. इमारतींना लावावयाच्या संगमरवरी फरश्या तेव्हा स्वस्तात मिळत. त्यांतून सुमारे ३ मीटर उंचीचे ‘कूरोस’ हे शिल्प घडले, जे आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात चिकटविणारे काही नाही. तुकडे परस्परांच्या भाराने उभे आहेत. मेज आणि हे शिल्प शेजारी ठेवून पाहिले तर ते एकाच घरातले आहेत हे कोणीही सांगेल, आणि चिगासाकीचे सुतारही त्या घरात कोठेतरी बसलेले दिसतील.

वास्तुकार जॉर्ज नेल्सन यांनी मेज कसे करावे या विषयावर एक लेख लिहिला, त्याच्यासोबत नोगुचींच्या मेजाचे चित्र छापले. नेल्सन तेव्हा मिशिगन राज्यातील झीलंड या गावच्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचे रचनाप्रमुख होत होते. हे झीलंड म्हणजे १८४७ मध्ये हॉलंडहून आलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांनी वसविलेले, रविवार कडकपणे पाळणारे गाव. कंपनीचे चालक डी. जे. डी प्री यांनी १९२३ मध्ये सासऱ्याच्या मदतीने कारखाना विकत घेतला आणि त्याला सासऱ्याचेच नाव दिले. हे गृहस्थ मोठे भाविक. त्यांच्याविषयीची एक आठवण त्यांच्या मुलाने लिहून ठेवली आहे. कारखान्यातला यंत्रे सांभाळणारा एक कामगार वारला. डी प्री समाचाराला गेले. विधवेने त्यांना काही कविता वाचून दाखविल्या. त्या कोणाच्या असे त्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या. तो यंत्रकाम करणारा कवी होता की कविता करणारा यंत्रकामगार, हा प्रश्न डी प्रींना पुढे जन्मभर पुरला. ज्या माणसाला हा प्रश्न पडला होता त्याच्याच कारखान्यात एका शिल्पकाराचे मेज तयार व्हावे यात आम्हांस नवल वाटत नाही. १९४७ मध्ये ते बाजारात आले. कारखान्याने त्याला दिलेली खूण ‘आयएन-५०’. पहिली दोन अक्षरे कर्त्याच्या नावाची. नमुना बिननावाचा गेला होता. मेज नाव लेवून आले.

त्यानंतरचे नोगुची स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. १९४९ मध्ये बोलिंगन प्रतिष्ठानच्या साहाय्याने ते दीर्घ प्रवासास निघाले आणि वीस वर्षांपूर्वीच्या अर्जातील हिंदुस्थान अखेर त्यांनी पाहिला. दिल्ली व जयपूर येथील जंतरमंतरांनी त्यांना खिळवून ठेवले. सूर्याची छाया मोजण्यासाठी बांधलेली ती अवजारे त्यांच्या लेखी शिल्पेच होती. मग जपान. हिरोशिमाच्या शांतिउद्यानाकडे नेणाऱ्या दोन पुलांचे कठडे त्यांनी रचले. अणुबॉम्बने मेलेल्यांच्या स्मारकाचा आराखडाही त्यांना सांगण्यात आला, त्यांनी तो केला, आणि १९५२ मध्ये तो नाकारण्यात आला. बॉम्ब टाकणाऱ्या देशाच्या माणसाने हे स्मारक करावे हे तेथील मंडळींना रुचले नाही. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेने ज्याला जपानी म्हणून कुंपणाआड ठेवले, त्याला जपानने अमेरिकन म्हणून परत पाठविले. ६ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जागी केंझो तांगे यांनी रचलेल्या स्मारकाचे अनावरण झाले.

मेजाचे उत्पादन १९७३ मध्ये थांबले आणि १९८४ मध्ये पुन्हा सुरू झाले. आजही चालू आहे. नकलाही तितक्याच जोमाने चालू आहेत, इतक्या की अलीकडच्या अस्सल मेजांच्या काचेच्या कडेवर नोगुचींची सही कोरलेली असते. नक्कल ओळखण्याची सुताराची खूण वेगळी आहे: नकलेत दोन लाकडे बहुधा बारकाईने सारखी नसतात, वळणे जाड आणि सुस्त होतात. गुडइयर यांचे ते मूळचे एकमेव मेज डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४४ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. जे साधे करून त्यांनी सर्वांसाठी काढले, तेही, खरे सांगावयाचे तर, आमच्या कोणत्याही धर्मग्रामस्थाच्या खिशाला झेपणारे नाही.

१० ऑगस्ट १९८८ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एका कायद्यावर सही केली. छावण्यांत डांबलेल्यांची त्यात क्षमा मागितली होती, आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर द्यावयाचे ठरले होते. रक्कम देण्यास १९९० मध्ये आरंभ झाला. इसामू नोगुची ३० डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्क येथे वारले. पोस्टनच्या धुळीत काढलेले त्यांचे बागांचे आणि दफनभूमीचे आराखडे त्यांनी स्वतः १९८५ मध्ये त्याच शहरात उघडलेल्या संग्रहालयाच्या दप्तरात जपून ठेवले आहेत.